पडद्याचा वरचा अर्धा भाग

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी माझ्या शर्टाची बाही तपासली. वरच्या खिशातून घडीचं एक छोटं भिंग काढलं, बाही टेबलावर सपाट केली, भिंग तिच्यावर उभं केलं आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिले. कापडात इंचाला किती धागे बसले आहेत ते मोजायचं हे भिंग. कापडाच्या मिलमध्ये ते कायम त्यांच्या खिशात असे. मिल गेली, भिंग खिशातच राहिलं.

"पॉवरलूमचा माल," ते म्हणाले. "कुठून घेतलात?"

"नाशिकहून."

"आणि नोकरी?"

"इथल्या पेपरात. रात्रपाळी."

"म्हणजे दुपारी घरी असणार. ठीक आहे. खोली वरची आहे, हवा चांगली येते. हा शर्ट मात्र बदला, भिया. बघवत नाही."

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातलं ते दुमजली घर. खाली ते आणि काकू, वर मी. मिलच्या विणकाम खात्यात ते असिस्टंट मास्तर होते. मोहल्ला त्यांना मास्टरसाब म्हणे, मी मास्तर म्हणू लागलो; ते मला, सगळ्या इंदूरसारखे, भिया म्हणत, म्हणजे भैया. दारावरच्या पाटीवर नाव होतं, पण ते कुणी वापरल्याचं आठवत नाही.

मी इंदूरला आलो तेव्हा मिल बंद झालेली होती. फाटकाला कुलूप, कुलपाजवळ खुर्ची, खुर्चीत चौकीदार. आमच्या पेपरात मिलची बातमी आधी पहिल्या पानावर असायची, मग आतल्या पानावर गेली, शेवटी लिलावाच्या जाहिरातींत उरली. त्याच काळात विजय नगरकडे नव्या इमारती उठत होत्या आणि भंवरकुआं भागातल्या भिंतींवर कॉम्प्युटर क्लासचे कागद एकावर एक चिकटत होते. मास्तर यातल्या कशावरच मत देत नसत. बोलायचं झालं तर ते कॉम्प्युटरबद्दल बोलत.

इतर घरांत जिथे टीव्ही असे, तिथे मास्तरांच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. त्यावर काकूंनी शिवलेला पांढरा पॉपलिनचा अभ्रा. मुलगी कॉलेजात असताना एका बंद पडलेल्या क्लासमधून तो जुना घेतला होता. अभ्यासासाठी घेतला आणि तिने त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकला. दोघांनी खेळायचा गेम. पडदा मधोमध आडवा दुभागला जाई. वरच्या अर्ध्यात एक गाडी आणि तिच्यासमोरचा रस्ता, खालच्या अर्ध्यात दुसरी गाडी आणि तिचा रस्ता. कीबोर्ड एकच. डावीकडच्या अक्षरांवर मुलीची बोटं, उजवीकडच्या बाणांवर मास्तरांची. वरचा अर्धा भाग तिचा, खालचा त्यांचा.

"मिल बंद झाली तेव्हा हे महिनोन्‌महिने कुणाशी बोलले नाहीत," काकूंनी एकदा मला सांगितलं. "पानावर बसायचे, उठायचे. पोरीने एक दिवस हात धरून तिथे नेलं आणि बोटं बटनांवर ठेवली. म्हणाली, बाबा, चला, गाडी काढा. मग रोज संध्याकाळी दोघं जायचे. घरातल्या घरात."

मी राहायला गेलो तेव्हा मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती.

मास्तरांना फोनवर समोरच्याचं वाक्य मोठ्याने परत म्हणण्याची सवय होती. लूमच्या खडखडाटात एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत ओरडून सांगायचं, म्हणजे ऐकू आलं याची खात्री पटायची. ती सवय फोनवर आली. त्यामुळे दर रविवारी बापलेकीचं बोलणं, दोन्ही बाजूंनी, जिन्यात बसलेल्या मला आपोआप कळे.

"जेवलीस, म्हणतेस. बरं. मेसचं पोळीसारखं काहीतरी, म्हणतेस. बरं. नवा गेम आलाय, म्हणतेस. ऑफिसातले सगळे खेळतात. अख्खं शहर दिसतं. बरं. तो इथे..." मग ते पलीकडचं ऐकत राहिले. "आपल्या डब्यावर नाही चालणार, म्हणतेस. एकट्याने अटकत अटकत चालेल, दोघांनी नाहीच. ठीक."

थोड्या दिवसांनी असाच एक फोन आला.

"अमेरिका, म्हणतेस," मास्तर म्हणाले. "जूनमध्ये, म्हणतेस. आधी मेमध्ये घरी येशील. बरं. बरं. छान."

फोन ठेवल्यावर ते तिथेच उभे राहिले. काकू आतून बाहेर आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी सगळं ऐकलंच होतं. मास्तर माझ्याकडे वळले.

"पुण्याहून सुट्टीत येते. अमेरिकेहून सुट्टीत कोण येतं, भिया?"

"येतात की, मास्तर."

"येतात. पाव्हण्यासारखे येतात." मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "मेमध्ये ती येईल तेव्हा तो नवा गेम आम्ही दोघं खेळणार. ह्याच डब्यावर."

नवा कॉम्प्युटर घेण्याची त्या घराची स्थिती नव्हती, त्यामुळे तो विषय निघालाच नाही. जुन्यालाच पळवायचं ठरलं. कॉम्प्युटरच्या मुख्य चिपला कारखान्याने एक वेग ठरवून दिलेला असतो. आतल्या बोर्डावर एक इवलीशी प्लास्टिकची टोपी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागेवर बसवली की तीच चिप ठरलेल्यापेक्षा जोरात धावते. धावते म्हणून तापते. तापून टिकली तर फुकटात वेगवान यंत्र मिळतं, नाही टिकली तर जळतं. हे मास्तरांना जेल रोडच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराने सांगितलं होतं. मास्तरांनी ते लगेच आपल्या भाषेत बसवून घेतलं. लूमची पुली बदलली की लूम जोरात चालतो. मालकाला नेहमी जोरातच हवा असतो. मग धागा तुटतो.

"स्पीड कुणीही चढवेल," ते म्हणत. "चढवल्यावर धागा टिकला पाहिजे."

या कामाला बसताना ते मिलचा खाकी शर्ट घालत. कॉम्प्युटरची पेटी उघडण्याआधी तिच्या पत्र्यावर दोन बोटं वाजवत आणि मोठ्याने विचारत, "बंद?" स्वयंपाकघरातून काकूंनी उत्तर द्यायचं, "बंद!" त्याशिवाय हात आत जात नसे. विणकाम खात्यात दुसऱ्या माणसाने "बंद" म्हटल्याशिवाय कुणी लूममध्ये हात घालत नसे, अशी त्यांची शिस्त होती. एकदा काकू भाजी घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा मास्तर उघड्या पेटीसमोर हात मांडीवर ठेवून त्या परतेपर्यंत बसून राहिले. प्लग भिंतीतून काढलेला होता. मी म्हटलं, "मास्तर, मी म्हणू का बंद?"

"तुम्ही बघितलंय का बंद आहे ते?"

मी प्लग हातात घेऊन दाखवला.

"काकूंना येऊ द्या," ते म्हणाले.

सुटे भाग आले ते एका ताग्याच्या जिवावर. मिलमधून शेवटी निघालेल्या पॉपलिनचा एक तागा मास्तरांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. पोरीच्या लग्नात गाद्या-उशांना होईल, असं काकूंच्या मनात होतं. जेल रोडच्या दुकानदाराचे म्हातारे वडील आयुष्यभर त्याच मिलच्या पॉपलिनचे कुर्ते घालत आलेले, आणि आता ते बाजारात मिळत नव्हतं. सौदा तिथे जुळला. कापडाचा एक तुकडा दिला, चित्र दाखवणारं जुनं कार्ड आलं. दुसरा दिला, मेमरीची पट्टी आली. तिसऱ्यावर मोठा पंखा आला.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदाराने कापड बोटांत चोळून पाहिलं आणि हसला.

"मास्टरसाब, इत्ता कपड़ा तो लोग बेटी के दहेज में देते हैं. आप डब्बे को पेना रहे हो."

"बेटी का ही है," मास्तर म्हणाले. "पंखा दिखाओ. आवाज़ करने वाला नहीं चाहिए."

पंखा हातात आल्यावर त्यांनी तो सुरू करायला लावला, पेचकसाचं टोक त्याच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग असं ऐकतात म्हणे. मग दुसरा मागितला. मग तिसरा. चौथ्याला दुकानदार म्हणाला, "अब ये आखिरी है भिया, इसके बाद मेरे घर का पंखा उतारना पड़ेगा."

घरी येऊन ट्रंक उघडली की काकू दारात उभ्या राहत.

"अजून किती कापणार?"

"संपत आलं."

"गाद्यांना काय घालू?"

"ती अमेरिकेत गादीवर झोपेल. तिथे मिळतात."

नव्या गेमची सीडी दुकानदारानेच दिली. चाचणी सुरू झाली. पण गेम दोघांचा, आणि दुसरी गाडी चालवायला घरात कोणी नाही. काकूंनी साफ नकार दिला. दुपारी रिकामा असलेला माणूस मीच.

"तुम्ही फक्त वरची गाडी चालती ठेवा," मास्तरांनी सूचना दिली. "रस्त्यावर राहायचं. बाकी काही नाही."

मी डाव्या बाजूला बसत असे. मास्तर शर्यतीत नुसती बोटं हलवत नसत. गाडी डावीकडे वळली की तेही डावीकडे कलत आणि त्यांचा खांदा माझ्यावर येई. आधी काही दिवस दोन्ही गाड्या धक्के खात, थांबत थांबत चालल्या. मास्तर एकेक टप्पा वेग चढवत गेले. प्रत्येक टप्प्यानंतर एक पूर्ण शर्यत. ती न अडखळता पार पडली तर ते म्हणत, "एक तागा निघाला."

एका दुपारी चुकून मी जिंकलो. मुद्दाम नाही, शेवटच्या वळणावर त्यांची गाडी भिंतीला घासली. मास्तरांनी कीबोर्ड बाजूला सरकवला, कॉम्प्युटर बंद केला आणि चष्मा पुसत राहिले.

"त्या जागेवरून जिंकायचं काम तुमचं नाही," ते शांतपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा नेहमीसारखी सुरू झाली. मी हरत राहिलो.

एप्रिल सरला तशी दुपार तापली आणि यंत्र अडून बसू लागलं. तिसऱ्या फेरीला पडदा गोठायचा. मास्तरांनी पेटीचा पत्रा काढून ठेवला, मोठा पंखा लावला, तरी तेच. मग एका सकाळी त्यांनी आणि मी निजायच्या खोलीतला कूलर उचलला, पुढच्या खोलीच्या बाजूच्या खिडकीत बसवला आणि त्याचं तोंड थेट उघड्या पेटीकडे केलं. नवी गवताची जाळी, पाण्याचा पंप पूर्ण जोरात. काकू आणि मास्तर गच्चीवर झोपू लागले.

"मिल बंद झाली म्हणून सांगत होते," काकू अंथरूण वर नेताना मला म्हणाल्या. "बंद कुठली? घरात आली."

इंदुरात लहान पोरालाही माहीत असतं की कूलर लावला की समोरचं एखादं दार किंवा खिडकी उघडी ठेवायची. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत गारवा येत नाही, नुसती घुसमट होते. मास्तरांनाही ते माहीत असणार. निजायच्या खोलीत त्यांनी तसाच कूलर वर्षानुवर्षं चालवला होता. पण ही खोली आता त्यांच्या लेखी खोली राहिली नव्हती. विणकामाच्या शेडमध्ये हवा मुद्दाम ओली ठेवतात, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. तिथे खिडकी उघडणं म्हणजे गुन्हा. मास्तरांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. दाराच्या फटीत उरल्यासुरल्या पॉपलिनची सुरळी करून बसवली. काकू पोळ्या लाटताना मागचं दार उघडं टाकत, त्यातून थोडी हवा खेळायची, म्हणून चाचण्या निभावल्या. यंत्र दोन-तीन दिवस सरळ चाललं. मास्तरांनी आणखी एक टप्पा चढवला.

मुलगी आली. उंच, भराभर बोलणारी, वडिलांसारखीच एक भुवई वर चढवणारी. सामान ठेवायच्या आधी तिने पेटीत डोकावून पाहिलं.

"बाबा! पागल झालात का? हे सगळं तुम्ही लावलं?"

"हात लावू नकोस. आधी जेव."

ते तीन-चार दिवस नातेवाईक, निरोप, सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं यात गेले. शर्यतीला वेळ मिळेना. मास्तरांनी एकदाही आठवण केली नाही. रोज सकाळी ते अभ्रा काढायचे, पंखा ऐकायचे, अभ्रा घालायचे. शेवटी जायचा दिवस उजाडला. रेल्वेगाडी संध्याकाळची होती. दुपारी जेवणं झाल्यावर मुलगीच म्हणाली, "चला बाबा, गाडी काढा."

मास्तर आत जाऊन खाकी शर्ट घालून आले. काकूंनी आज मागचं दार लावून घेतलं होतं, बांधलेल्या लाडू-चकल्यांवर धूळ येऊ नये म्हणून. कूलर पूर्ण जोरात. खोलीत शिरताना माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी मागच्या स्टुलावर बसलो. डावी बाजू आता माझी नव्हती.

"बाबा, यार, केवढी उमस आहे. ती खिडकी खोला ना."

"शेडची खिडकी खोलत नसतात."

"ही शेड नाहीये."

"गाडी लाव तुझी."

पडदा दुभागला. नवं शहर, उंच इमारती, ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं, दोन्ही अर्ध्यांत, कुठेही न अडखळता. मुलगी एक क्षण नुसती बघत राहिली. "बाबा, हे तर ऑफिसपेक्षा भारी चालतंय," ती म्हणाली. मास्तरांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

पहिली फेरी तिची, दुसरी त्यांची. ती ओरडत होती, ते कलत होते.

"अंगावर येऊ नका! बाबा! हे चीटिंग आहे!"

"रस्ता सोड."

"सोडणार नाही! आई, बघ हे ढकलतायत!"

काकू पदराने घाम पुसत दारातून म्हणाल्या, "ढकलू दे. उद्यापासून कोण ढकलणार तुला?"

शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या तोंडाशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आल्या आणि चित्र थांबलं. दोघांची बोटं चालूच होती. मग आत कुठेतरी बारीक तडतड झाली, जळका वास आला आणि पडदा काळा झाला. कूलर तेवढा घोंघावत राहिला. त्याच्या झोतातून येणारे पाण्याचे तुषार आता उजेडात स्पष्ट दिसत होते, सरळ उघड्या पेटीत जाताना.

मास्तरांनी प्लग काढला. पेटीकडे हात नेला आणि सवयीने विचारलं, "बंद?"

काकू तोंड फिरवून उभ्या होत्या.

"बंद," मुलगी म्हणाली.

मग मास्तरांनी हात आत घातला. बोर्ड भिजलेला होता. त्यांनी चिपवरचा पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि हात बाहेर काढून शर्टाला पुसला. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. ती उठली, तिने रस्त्याकडची खिडकी उघडली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली.

"मी जिंकत होते," ती म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं.

"चूक. वळण माझ्या बाजूचं होतं."

"माझी गाडी पुढे होती, बाबा."

"बोनेट पुढे होतं. गाडी नाही."

हा वाद स्टेशनपर्यंत टांग्यात चालला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. गाडी हलली तेव्हाही ती खिडकीतून काहीतरी ओरडत होती आणि मास्तर प्लॅटफॉर्मवरून ते परत म्हणत होते. "बोनेट म्हणजे गाडीच, म्हणतेस. बरं. नाही पटत. बरं."

त्यानंतर मी त्या घरात आणखी काही काळ राहिलो. बोर्ड दुरुस्तीला नेला तेव्हा जेल रोडच्या दुकानदाराने त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडून दाखवला. कूलरमधल्या बोअरिंगच्या पाण्याचा खार. मास्तरांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पुढे त्या कधी लावू दिल्या नाहीत. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, चालायची, पडदे उडायचे, ताटात धूळ यायची. काकू भांडल्या, मी सुचवून पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "तिने सांगितलं होतं, खोला म्हणून."

अमेरिकेहून फोन आला की हवापाण्याचं बोलून झाल्यावर वळणाचा विषय निघे. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त इंदूरला गेलो. मिलच्या जागेचं कुंपण नवं झालं होतं, आतली चिमणी अजून उभी होती. घर तेच. काकूंनी सेव आणि चहा पुढे केला. मुलगी दोनदा येऊन गेली होती, जावई आणि नातीसह, थोडक्या दिवसांसाठी. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. नात आपला खेळ खिशातून घेऊन आली होती.

मास्तर पुढच्या खोलीत होते. वाकलेले, पण शर्ट खोचलेला, खिशात भिंग. त्यांनी आधी माझी बाही हातात घेतली, पाहिली आणि सोडून दिली. मग पुन्हा पडद्याकडे वळले. जळलेल्या बोर्डाच्या जागी त्यांनी दुकानदाराकडून एक जुनाच, संथ बोर्ड बसवला होता. त्याचा वेग चढवला नव्हता. नवा गेम त्यावर चालणं शक्य नव्हतं. जुना चालत होता, पहिला, मुलीने टाकलेला.

पडदा दुभागलेला होता. खालच्या अर्ध्यात मास्तरांची गाडी धावत होती. वरच्या अर्ध्यात दुसरी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. तिच्यासमोर रिकामा रस्ता, बाजूला झाडं, काहीच हलत नव्हतं.

मी शेजारी बसलो आणि जुन्या सवयीने माझा हात डावीकडच्या अक्षरांकडे गेला.

"राहू द्या," मास्तर म्हणाले.

"एकट्यानेही खेळता येतो ना हा, मास्तर?"

"येतो."

उघड्या खिडकीतून रस्त्यावरचा भाजीवाला ओरडत गेला. मास्तरांची फेरी संपत आली. मी खालचा अर्धा भाग पाहत होतो. मग लक्षात आलं की ते स्वतःच्या गाडीकडे बघतच नव्हते. बोटं बाणांवर होती आणि नजर वर. तिथे, उभ्या गाडीच्या बाजूने मास्तरांची गाडी मागून आली, पुढे गेली, लहान होत होत वळणाशी पोहोचली आणि झाडांआड दिसेनाशी झाली. वर पुन्हा रिकामा रस्ता राहिला. मास्तर त्याच्याकडे बघत, स्वतःच्या गाडीकडे न पाहता पुढची फेरी चालवत होते.